सुधारणेचें अजीर्ण

आगरकरांनीं १८८८ सालीं ‘सुधारक’ पत्र काढलें तेव्हांपासून ‘सुधारणा’ ह्या शब्दावर महाराष्ट्रांत जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी दुसऱ्या कोणत्याहि शब्दावर क्वचितच पडली असेल. आमच्या वडिलांच्या वेळीं ह्या एका शब्दावरून ओसरीवर वाद रंगत व पानें वाढून तयार असतांहि कोणी उठत नसे. हल्लीं तोच शब्द आमच्या घरांत पुन्हां शिरला आहे. मात्र आतां तो समाजाची नव्हे, तर यंत्राची सुधारणा सांगतो, आणि मुलें तिला ‘अपडेट’ म्हणतात. ही सुधारणा कोणाचें मत विचारीत बसत नाहीं. पुष्कळदां रात्रीं सर्व मंडळी निजली असतां ती मुकाट्यानें येते, आणि सकाळीं उठून पहावें तों यंत्र एकतर अधिक निरोगी झालेलें असतें, नाहीं तर अंथरुणास खिळलेलें असतें. गेल्या ज्येष्ठांत आमच्या घरीं दुसरा प्रकार घडला. त्यापासून आम्ही जें शिकलों तें वाचकांपुढें ठेवावें, असा ह्या महिन्याचा संकल्प आहे.

आमचें घर सोलापुरांत उत्तर कसब्यांत आहे. वडील बंधु वारल्यास बरीच वर्षें झालीं. त्यांच्या पश्चात् घरांत वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना व नातवंडें असा परिवार होता. पुतण्याचें बिऱ्हाड नोकरीमुळें पुण्यास असतें. संगणक माजघरांत खिडकीपाशीं ठेविलेला आहे. थोरला मुलगा त्यावर घरचा जमाखर्च ठेवतो, नातू अभ्यास करतो (असें तो म्हणतो), आणि आम्हीहि, जुन्या अकरावीच्या मॅट्रिकचे असूनहि, एका बोटानें टंकून हीं पानें त्यावरच सिद्ध करतों. परंतु त्या यंत्राचा खरा उपयोग जर कोणीं केला असेल तर तो आमच्या धाकट्या सूनबाईनें.

वहिनींचें माहेर पंढरपूरजवळच्या एका खेड्यांतलें. दळणाची गिरणी आल्यापासून आमच्या घरचें जातें जिन्याखालीं पडून होतें. पण जात्यावरच्या ओव्या वहिनींच्या मुखांत शाबूत होत्या. सूनबाईनें दोन चातुर्मास, दुपारचीं जेवणें उरकल्यावर, त्यांच्याजवळ बसून एकेक ओवी यंत्रावर उतरवून घेतली. गंमत अशी कीं, कित्येक ओव्या वहिनींना नुसत्या बसून आठवत ना. हात फिरूं लागला म्हणजे ओवी ओठांवर येई. म्हणून जातें बाहेर काढून माजघरांत मांडलें, आणि एक्याऐंशी वर्षांच्या वहिनी रिकामें जातें फिरवीत ओव्या सांगूं लागल्या. अशा तीनशें बारा ओव्या झाल्या. पुण्यास हेमा राईरकर व गी पॉइतवाँ ह्या दोघांनीं खेडोपाडीं फिरून लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह केला, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक असेल. त्या सागरापुढें आमची ही ओंजळच. पण ती आमच्या घरची होती.

त्या वेळीं सूनबाईनें आम्हांस विचारलें होतें, “मामंजी, ह्याची दुसरी प्रत घ्यायला एक पेनड्राइव्ह आणूं का?” आम्ही म्हणालों, “यंत्रांत आहे ना सगळें? मग ती चिमुकली वस्तु केवळ हरवण्यासाठीं कशाला विकत घ्यावयाची?” सूनबाई गप्प राहिली. पुढें मार्गशीर्षांत वहिनी देवाघरीं गेल्या.

आतां ज्येष्ठांतली ती सकाळ. संगणक चालूं केला तों पडद्यावर नेहमींचें चिन्ह उमटलें, खालीं ठिपक्यांचें चक्र फिरूं लागलें, मग सर्व अंधार. पुन्हां चिन्ह, पुन्हां चक्र, पुन्हां अंधार. नातू म्हणाला, “आजोबा, रात्रीं अपडेट आला होता.” आम्हीं पांच-सात वेळां कळ दाबून पाहिली; मास्तरकीच्या संवयीनें एकदां यंत्रावर डोळेहि वटारले. कांहीं उपयोग झाला नाहीं. शेवटीं धाकटा मुलगा तें उचलून बाजारांत एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेला. अर्ध्या तासानें त्याचा फोन आला: “ते म्हणतात, फॉरमॅट मारावें लागेल. संध्याकाळपर्यंत नव्यासारखें करून देतों म्हणतात.” फॉरमॅट म्हणजे पाटी ओल्या बोळ्यानें स्वच्छ पुसून पुन्हां श्री काढणें. नव्यासारखें होणार हें खरें. पण नव्या यंत्रांत आमचें असें कांहींच नसतें. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारांत उभी होती. ती एवढेंच म्हणाली, “त्यांत मोठ्या सासूबाईंच्या ओव्या आहेत.”

त्या क्षणीं आम्हांस जें वाटलें तें येथें लिहीत नाहीं. मुलास फोनवरच थांबविलें, आणि लागलीच पुण्यास पुतण्याच्या मुलीस फोन लावला. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षांत शिकते, आणि वहिनींची सख्खी नात आहे. तिनें सगळें ऐकून घेतलें व म्हणाली, “आजोबा, यंत्र घरीं आणा, बंद करून ठेवा, आणि मी येईपर्यंत कोणालाहि हात लावूं देऊं नका. बिघडली आहे ती चालविणारी प्रणाली. आपण लिहिलेलें बहुधा जागच्या जागीं असेल. पण फॉरमॅट केलें तर तें आपणच पुसलें असें होईल.” तिचें म्हणणें आम्हीं घरांतल्या मंडळींस असें समजावून दिलें कीं, कारभारी आजारी पडला म्हणून कोठारांतलें धान्य जळत नाहीं, मात्र कारभाऱ्यास हांकलण्याच्या भरांत कोठारासच कोणी आग लावूं नये. तो बुधवार होता. मुलगी शुक्रवारच्या हुतात्मा एक्स्प्रेसनें येणार होती. मधले दोन दिवस यंत्र पंचा पांघरून माजघरांत स्तब्ध पडून होतें, आणि घरांतलें कोणी त्याकडे पाहून बोलत नव्हतें.

गुरुवारीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. पूर्व भागांत त्याचे यंत्रमाग आहेत व सोलापुरी चादरी विणणें हा त्याचा घरचा धंदा आहे. त्यास हकीकत सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, “गुरुजी, हें तर आमच्या पुठ्ठ्यांसारखें झालें.” चादरीवरचें नक्षीकाम जेकार्ड नांवाच्या साधनानें होतें हें सोलापूरकरांस सांगावयास नको, परगांवच्या वाचकांसाठीं लिहितों. फ्रान्समधील जेकार्ड नामक गृहस्थानें १८०४ च्या सुमारास हें साधन पूर्णत्वास नेलें. त्यांत भोकें पाडलेल्या जाड पुठ्ठ्यांची एक माळ असते. जेथें भोक असेल तेथें सुई आंत शिरते व तो ताणा उचलला जातो. जेथें भोक नसेल तेथें ताणा खालीं राहतो. आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेऱ्यास एक पुठ्ठा, आणि साऱ्या पुठ्ठ्यांची मिळून एक नक्षी. इंग्लंडांत बॅबेज ह्यानें पुढें आपल्या गणकयंत्राचा जो आराखडा केला, त्यांत यंत्रास आज्ञा देण्यासाठीं हेच भोकांचे पुठ्ठे योजिले होते. तेव्हां आमच्या पूर्व भागांतला माग व माजघरांतला संगणक हे दूरचे कां होईनात, पण एकाच गोत्राचे आहेत.

विद्यार्थी म्हणाला, “हातानें विणतांना माणूस चुकला तर एक चादर बिघडते. पुठ्ठ्यांत एक भोक चुकलें तर त्या मागावरची प्रत्येक चादर त्याच जागीं बिघडते, आणि माग तर बिचारा बिनचूक चाललेला असतो!” मग दुरुस्ती कशी करतां, असें आम्हीं विचारलें. “भोक नको तेथें पडलें असेल तर त्यावर कागद चिकटवतों.” हें ऐकून आम्हांस मौज वाटली, कारण संगणकवाले आपल्या लहानसहान दुरुस्तीस ‘पॅच’, म्हणजे ठिगळ, म्हणतात, व तो शब्द ह्याच रीतींतून आलेला आहे. आरंभींच्या संगणकांस आज्ञा देण्यासाठीं भोकांच्या कागदी पट्ट्या असत, आणि चुकीच्या भोकावर खरोखरीचें कागदी ठिगळ लावीत. आज रात्रीं-अपरात्रीं तारेवाटे घरांत येतें तें हेंच ठिगळ. ठिगळ कापड सांधण्यासाठीं असतें. पण तेंच वाकडें बसलें तर?

तें वाकडें बसलें म्हणजे काय होतें, ह्याचा सर्वांत मोठा दाखला १९ जुलै २०२४ रोजीं, शुक्रवारीं, साऱ्या जगानें पाहिला. अमेरिकेंतील क्राउडस्ट्राइक नांवाची कंपनी मोठमोठ्या कचेऱ्यांच्या संगणकांवर चोरांपासून रक्षणासाठीं एक पहारेकरी बसविते. हा पहारेकरी मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीच्या अगदीं गाभाऱ्यांत बसतो, आणि नव्या नव्या चोरांच्या खुणा त्यास वारंवार पाठवाव्या लागतात. त्या दिवशीं आपल्या घड्याळाप्रमाणें सकाळीं ९ वाजून ३९ मिनिटांनीं असें एक खुणांचें पत्रक रवाना झालें. चूक ध्यानांत येऊन १० वाजून ५७ मिनिटांनीं तें मागें घेतलें. मध्यें गेलीं ती अवघीं ७८ मिनिटें. तेवढ्यांत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणें, सुमारें ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. जगांतील एकंदर विंडोज संगणकांच्या मानानें ही संख्या शेंकडा एकाहूनहि कमी. परंतु तीं यंत्रें विमानकंपन्यांचीं, रुग्णालयांचीं, पेढ्यांचीं होतीं. जें यंत्र त्या वेळीं बंद होतें तें वाचलें!

चूक कोणती म्हणाल, तर ती ऐकून कोणाहि शिक्षकास हजेरीपटाची आठवण व्हावी. खुणा तपासण्याच्या नमुन्यांत २१ रकाने आंखलेले होते. पण माहिती पुरविणारा भाग २० च रकाने भरीत असे. ही तफावत त्या वर्षाच्या फेब्रुवारीपासून तशीच होती. ती कोणास दिसली नाहीं, कारण तोंपर्यंतच्या पत्रकांत एकविसाव्या रकान्यापुढें ‘कांहींहि चालेल’ अशीच आज्ञा असे, आणि म्हणून तेथें कोणी डोकावलेंच नाहीं. त्या शुक्रवारीं तो एकविसावा रकाना वाचण्याची आज्ञा प्रथमच आली. यंत्रानें हात घातला तों तेथें रकानाच नव्हता. हात भलत्याच फडताळांत गेला, आणि गाभाऱ्यांत असा घोटाळा झाला असतां प्रणाली पुढें न जातां जागच्या जागीं थांबते. वीस श्लोक पाठ करून आलेल्या मुलास पांच महिन्यांनीं एकाएकीं एकविसावा विचारावा, तसेंच हें झालें.

आपल्याकडे मुंबई, दिल्ली, हैदराबाद इत्यादि विमानतळांवर उतारूंची नोंद हातानें करावी लागली. ज्या चिठ्ठ्या यंत्र छापून देई, त्या बोर्डिंग पासच्या चिठ्ठ्या कारकुनांनीं पेनानें लिहून दिल्या, आणि एकट्या इंडिगो कंपनीनें सुमारें दोनशें उड्डाणें रद्द केलीं. देशांतील पेढ्यांपैकीं मात्र दहा बँका व वित्तसंस्थांनाच किरकोळ अडथळा झाला, असें रिझर्व्ह बँकेनें जाहीर केलें. सर्वांत लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ह्याच्या पुढची आहे. चुकीचें पत्रक मागें घेतलें, तरी जीं यंत्रें पडलीं होतीं तीं बहुतेक आपोआप उठलीं नाहींत. प्रत्येकापाशीं माणसानें जाऊन बसावें, त्यास ‘सेफ मोड’ म्हणजे पथ्याच्या अवस्थेंत चालूं करावें, २९१ हा अंक असलेली ती एक फाइल शोधून काढून टाकावी, व यंत्र पुन्हां सुरू करावें. ज्या यंत्रांचा सांठा कुलूपबंद होता, त्यांस आधीं ४८ अंकी किल्ली द्यावी लागे. आणि कित्येक ठिकाणीं त्या किल्ल्या नोंदविलेल्या वह्याच बंद पडलेल्या यंत्रांत होत्या. यंत्रें पडलीं तीं एकदम. उठवावीं लागलीं तीं एकेक करून. चूक एका जागीं होते आणि तिचें निस्तरण घरोघर करावें लागतें, हा ह्या नव्या व्यवस्थेचा धर्मच आहे.

आतां आमच्या घराकडे वळूं. शुक्रवारीं रात्रीं नात आली, आणि शनिवारीं सकाळीं देवपूजा आटोपल्यावर तिनें यंत्रावरचा पंचा दूर केला. तिनें केलें तें क्रमवार देतों, म्हणजे कोणास प्रसंगीं उपयोगी पडेल. प्रथम तिनें छपाईचें यंत्र व इतर जोडलेलीं साधनें सोडविलीं. कारण कधीं कधीं दोष पाहुण्याचा असतो व ठपका यजमानावर येतो. मग, आणि हेंच मुख्य, दुरुस्तीस हात न घालतां तिनें आधीं कोठार रिकामें करून घेतलें. तिनें पुण्याहून एका पेनड्राइव्हवर ‘लिनक्स’ ही दुसरी प्रणाली भरून आणली होती. आंतल्या आजारी कारभाऱ्यास न उठवितां, बाहेरून आणलेल्या ह्या बदली कारभाऱ्याकडून तिनें यंत्र चालूं केलें. पडद्यावर एक अनोळखी देखावा उमटला. तिनें दोन-तीन कपाटें उघडलीं. सूनबाई तिच्या मागें उभी होती. तिच्या हातांत अर्धी निवडलेली मेथी होती. एका कप्प्यावर ‘ओव्या’ अशीं अक्षरें दिसलीं. नातीनें तो उघडला, अगदीं खालपर्यंत गेली, आणि म्हणाली, “काकू, तीनशें बारा.” सूनबाई तेथेंच खालीं बसली.

सर्व कागद दुसऱ्या एका सांठ्यावर उतरवून घेतले, ते उघडून पाहिले, आणि मगच दुरुस्ती सुरू झाली. यंत्र दोन-तीन वेळां मध्येंच अडखळलें म्हणजे आमच्या यंत्राची प्रणाली होऊन दुरुस्तीचा निळा पट पुढें करते. त्यांत ‘शेवटची सुधारणा काढून टाका’ अशी एक वाट असते. ती निवडली. अर्धा तास ठिपक्यांचें चक्र फिरलें. नातीनें कोणास कळीस बोट लावूं दिलें नाहीं. मग यंत्र उठलें. जणूं कांहीं झालेंच नव्हतें! ती वाट खुंटली असती तर मागच्या एखाद्या तारखेच्या स्थितीवर परत नेण्याची वाट होती, तीहि खुंटली तर पथ्याची अवस्था होती, आणि फॉरमॅट हा सर्वांत शेवटचा उपाय होता. बाजारांतील त्या गृहस्थानें शेवटचा उपाय प्रथम सांगितला, एवढाच काय तो फरक. त्यास आम्ही दोष देत नाहीं. त्याच्या लेखीं तें एक यंत्र होतें. त्यांत काय आहे हें सांगण्याचें काम आमचें होतें.

एवढें झाल्यावर आम्हीं हुकूम सोडला कीं, ह्यापुढें ह्या घरांत अपडेट नको. सर्व सुधारणा बंद! नात हंसली व म्हणाली, “आजोबा, तीहि चूक होईल.” तिनें दोन दाखले दिले. मार्च २०१७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोजमधील एका भोकास ठिगळ पाठविलें होतें. ज्यांनीं तें लावण्याचा आळस केला, त्यांच्या यंत्रांत दोनच महिन्यांनीं, १२ मे २०१७ रोजीं, त्याच भोकांतून ‘वॉनाक्राय’ नांवाचा खंडणीखोर रोग शिरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रोगी परत पाठवावे लागले. पुढच्याच महिन्यांत, २७ जून रोजीं, ‘नॉटपेट्या’ नांवाचा दुसरा रोग आला. तो तर युक्रेन देशांतील हिशेब ठेवण्याच्या एका प्रोग्रॅमच्या अपडेटमध्येंच कोणीं विष कालवून पसरविला होता. त्याची झळ आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोंचली, व मर्स्क समूहाकडे असलेल्या तेथील एका धक्क्याचें काम ठप्प झालें. म्हणजे सुधारणा न घेतली तर चोराचें भय, घेतली तर क्वचित् अजीर्णाचें भय! आम्हीं विचारलें, “मग सामान्य संसारी माणसानें करावें काय?” ती म्हणाली, “सुधारणा घ्यावी, पण आपलें लिखाण एकाच जागीं कधीं ठेवूं नये.”

ह्या दोन्ही रोगांत दोष चोरांचा होता. पण प्रामाणिक कारखान्याच्या हातूनहि लिखाण पुसलें जाऊं शकतें. ऑक्टोबर २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० ची जी नवी आवृत्ति काढली, तिनें कांहीं थोड्या लोकांचीं कागदपत्रें व छायाचित्रें पुसून टाकलीं. कंपनीनें कांहीं दिवसांतच तिचें वितरण थांबविलें, दोष दूर केला, आणि १३ नोव्हेंबरला ती पुन्हां दिली. परंतु ज्या घरचीं छायाचित्रें गेलीं, त्यांस दुरुस्त आवृत्ति मिळून काय उपयोग? वाचलीं तीं ज्यांची दुसरी प्रत होती त्यांचींच.

नातीनें पुण्यास परततांना भिंतीवर एक कागद डकविला आहे, त्याचा सारांश असा. एक, घरांतील महत्त्वाच्या लिखाणाच्या तीन प्रती असाव्या: एक यंत्रांत, एक यंत्राबाहेर कपाटांत, आणि एक घराबाहेर, आप्तांकडे किंवा सांठवणुकीच्या भरंवशाच्या जागीं. दुसरें, प्रत घेतली एवढ्यावर न थांबतां ती उघडून पहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली शिल्लक. तिसरें, चोरांपासून रक्षण करणारीं लहान ठिगळें वेळच्या वेळीं लावावीं. मोठी नवी आवृत्ति मात्र दोन-चार आठवडे थांबून, इतरांस ती पचली असें पाहून घ्यावी. चौथें, सुधारणा चालूं असतां वीज तोडूं नये. पांचवें, यंत्राच्या कुलपाची किल्ली असेल तर ती वहींत लिहून ठेवावी, यंत्रांत नव्हे. सहावें, यंत्र अडलें तर त्यास एकसारखें डिंवचूं नये, आणि ‘पुसा’ हा शब्द उच्चारण्यापूर्वीं आंत काय आहे हें घरांतल्या सर्वांस, विशेषतः जीं माणसें मोठ्यानें बोलत नाहींत त्यांस, विचारावें. हें सहावें कलम तिनें लिहितांना आमच्याकडे पाहिलें नाहीं, हा तिचा विनय.

आमच्या यंत्राच्या कारखान्यानें पुढें तीन आठवड्यांनीं दुरुस्त केलेली सुधारणा पाठविली. ती आम्हीं घेतली. आतां यंत्र बरें चाललें आहे.

ह्या प्रसंगानें आमच्या मनास एक गोष्ट मात्र लागून राहिली. आमचें सारें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. जे ग्रंथ शिकवून आम्हीं पोट भरलें, त्यांची मूळची लेखकाच्या हातची पोथी आज कोठेंहि नाहीं. ते आपणांपर्यंत आले ते केवळ ह्यासाठीं कीं, कोणी अनाम लेखनिक दर पिढीस त्यांची दुसरी प्रत करीत गेला, आणि पोथीच्या शेवटीं, हिला तेलापाण्यापासून जपा, अशी पुढच्यास विनवणी करीत गेला. हें आम्हीं वर्गांत कितीदां सांगितलें असेल! आणि घरांत जेव्हां एका मुलीनें तेंच लेखनिकाचें काम केलें व दुसरी प्रत करण्याची अनुज्ञा मागितली, तेव्हां आम्हीं तिला चारशें रुपयांची काटकसर शिकविली. वर्गांतलें ज्ञान घराच्या उंबऱ्याशीं थबकतें तें असें.

गेल्या महिन्यांत त्या तीनशें बारा ओव्या कागदावर छापून घेतल्या व चार प्रती दोऱ्यानें शिवून बांधल्या. एक पुण्यास गेली, एक वहिनींच्या माहेरीं, एक देवघराच्या कपाटांत आहे, आणि एक सूनबाईपाशीं. जातें पुन्हां जिन्याखालीं ठेवूं म्हणतां सूनबाईनें तें माजघरांतच राहूं दिलें. अजून कांहीं ओव्या अर्ध्याच आठवतात, आणि तें फिरविलें म्हणजे तिला पुढचा चरण कधीं कधीं सांपडतो, असें ती म्हणते. त्या साऱ्या प्रकरणांत तिनें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. म्हणून तो येथें आम्ही स्वतःच छापून ठेवीत आहों.